मदत हवी आहे: एमएक्स-५ गाडीचं सिल (दाराखालचा पोकळ पत्र्याचा भाग) आतून कसं तपासायचं?

मंडळी, इंग्लंडमध्ये नुकतीच सेकंडहँड माझदा एमएक्स-५ (कापडी छताची दोन सीटची गाडी) घेतली. २००३ चं एनबी, म्हणजे दुसऱ्या पिढीचं मॉडेल, १.८ इंजिन. चालवायला झकास, पण पाऊस पडला की डाव्या सीटमागचं कार्पेट चिंब होतं.

छताचं कापड, मागची काच, दाराची रबरं पाहिली. तिथून गळत नाही. सीटबेल्टच्या खांबाजवळ छताचं पाणी वाहून नेणारं भोक आहे. त्यात बाटलीने पाणी ओतलं, तर उजवीकडचं लगेच मागच्या चाकापुढे खाली पडतं, डावीकडचं तुंबून आत सांडतं. गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी घातली, तर कुजलेल्या पानांचा काळा चिखल निघाला. आता पाणी उतरतं, पण ठिबकत. लोखंडी तार घालायची नाही, नळी फाटेल.

खरी काळजी सिलची. बाहेरून रंग शाबूत आहे, एमओटी (इथली गाडीची वार्षिक तपासणी) ही पास आहे, पण पाणी असं मुरत राहिलं की पत्रा आतून गंजतो. गॅरेज नाही, गाडी रस्त्यावरच असते.

पत्रा न कापता एंडोस्कोप (बारीक वायरच्या टोकाचा) कॅमेरा कुठून आत घालता येईल? आणि आत ओल असताना कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागात फवारायचं गंजरोधक मेण) मारलं तर चालेल, की आधी पूर्ण वाळवावंच लागेल?