‘गल्लाभरू’ सिनेमा आपटू शकतो का?

मुद्रिका:
मी एका पुरवणीची मुद्रितं तपासते. परवा रात्री पान सुटायच्या बेतात असताना शीर्षकावरून वाद झाला. शीर्षक होतं ‘गल्लाभरू चित्रपट तिकीटबारीवर आपटला’. उपसंपादक म्हणाला, आपटला म्हणजे गल्ला भरलाच नाही, मग गल्लाभरू कसा? दोन्हीतला एक शब्द काढा. मी म्हटलं, काही काढायचं नाही, बरोबर आहे. पण का बरोबर आहे ते त्या घाईत धड सांगता आलं नाही, म्हणून इथे विचारते.

मला असं वाटतं की ‘गल्लाभरू’ हा शब्द कमाई सांगतच नाही, नियत सांगतो. खिसेकापू पहिल्याच खिशात हात घालताना पकडला गेला तरी तो खिसेकापूच. उलट बाजूने पाहा. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला लागला आणि शंभर कोटींच्या पुढे गेलेला पहिला मराठी चित्रपट ठरला. इतका गल्ला कुणी भरला नव्हता, पण त्याला ‘गल्लाभरू’ म्हटलेलं मी तरी वाचलं नाही. म्हणजे गल्ला रिकामा राहिला तरी गल्लाभरू, आणि ओसंडून वाहिला तरी नाही. मग या शब्दात गल्ला करतोय काय?

ऊकारान्त:
खोच त्या ‘ऊ’मध्ये आहे. नाम, त्याला धातू आणि शेवटी ऊ: वेळकाढू, खिसेकापू, लाचखाऊ, पोटभरू. या घरातला एकही पाहुणा सज्जन नाही. कृती एकदा केली असं हे शब्द म्हणत नाहीत, ती खोड आहे असं म्हणतात. त्यामुळे मुद्रिकाताई, तुमचं बरोबर. ‘गल्ला भरणारा’ म्हटलं की हिशेब झाला, ‘गल्लाभरू’ म्हटलं की शिवी झाली.

कुणीतरी ‘मनमिळाऊ’ काढेल म्हणून आधीच सांगतो, तिथे प्रत्यय ‘आऊ’ आहे. टिकाऊ, शिकाऊ, लढाऊ ही त्याची भावंडं. ‘कमाऊ’सुद्धा यांच्यातलाच आणि तो घराघरांत कौतुकाने वापरतात. मुलगा कमाऊ असला की आईबाप मिरवतात. सिनेमा मात्र कमाऊ नसतो, एकदम गल्लाभरू होतो.

बडोदेकर:
आमच्याकडे गल्ल्याची वेगळीच गंमत. गुजरातीत पानवाल्याच्या टपरीला ‘गल्लो’ म्हणतात, आणि दुकानातल्या पैशांच्या पेटीलाही. लहानपणी घरी मराठी आणि बाहेर गुजराती, त्यामुळे ‘गल्लाभरू सिनेमा’ ऐकलं की मला पानाची गादी दिसायची.

मूळ शब्द अरबी, फारसीतून आपल्याकडे आला. अर्थ धान्य, शेतीचं उत्पन्न. उत्तरेत अजून ‘गल्ला मंडी’ अशा पाट्या असतात, तिथे धान्याचा बाजार भरतो. धान्याचा झाला पैसा, पैशाची झाली पेटी, पेटीची झाली टपरी. तुमच्या वर्तमानपत्रांनी ‘बॉक्स ऑफिस’साठी ‘गल्लापेटी’ केलं, त्यात गल्लाही आहे आणि पेटीही. पेटीची पेटी!

इंग्रजीतला ‘बॉक्स’ मात्र पैशांचा डबा नव्हे. अठराव्या शतकात नाटकगृहात बड्या लोकांसाठी बाजूला खास कक्ष असत, ते बॉक्स. त्यांची नोंदणी जिथे व्हायची ते बॉक्स ऑफिस. म्हणजे शब्द जन्मला श्रीमंतांच्या जागांसाठी आणि आज कामाला येतो तो गर्दी मोजायला.

पिटवाला:
गर्दीचं मी सांगतो. माझे मामा तालुक्याच्या टॉकीजला बुकिंगला होते. त्यांच्या मागे स्टुलावर बसून मी पडद्यावर पाहिली नसतील एवढी माणसं त्या खिडकीतून पाहिली. माणसं म्हणजे नुसते हात. भिंतीत वीतभर भोक, बाहेर लोखंडी गज, आणि आत एका वेळी तीन तीन मुठी. मुठीत घामाने भिजलेली नोट. मामा मूठ उघडून नोट काढायचे, तिकिटं कोंबायचे आणि मूठ मिटून बाहेर ढकलायचे. तिकीटबारी म्हणजे ही. बारी म्हणजे खिडकी, बारी म्हणजे घाटातली खिंड, पंढरपुरात दर्शनाची रांगही बारीच आणि तमाशातला सामनाही बारीच. आमच्या टॉकीजला चारही अर्थ एकदम लागू व्हायचे. मोबाइलवर तिकीट काढणाऱ्याला ‘बारी’ शब्दातला ब कळणार नाही.

रात्री शेवटचा खेळ सुरू झाला की मामा डीसीआर, म्हणजे रोजच्या कमाईचा तक्ता, भरायचे. बाल्कनी इतकी, स्टॉल इतका, पिट म्हणजे पडद्यालगतच्या सगळ्यात स्वस्त जागा इतक्या, बेरीज, खाली सही. तो कागद वितरकाकडे जायचा. सिनेमा कसा आहे याचा एकही रकाना त्यात नव्हता. तरी मामांना विचारलं, ‘कसा आहे हो?’ तर म्हणायचे, ‘चांगला आहे, पिट भरतंय.’

आमच्या भाषेत सिनेमा ‘लागतो’, ‘चालतो’ आणि ‘उतरतो’. चालतो म्हणजे आठवड्यांनी चालतो, कोटींनी नाही. ‘सांगत्ये ऐका’ १९५९ चा, पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला. दादा कोंडक्यांचे ओळीने ९ चित्रपट रौप्यमहोत्सवी, पार गिनीज बुकापर्यंत गेलेली गोष्ट. आठवडे मोजले की खुर्चीवर माणूस किती दिवस बसत होता ते कळतं. कोटी मोजले की तिकीट किती महाग होतं तेवढंच कळतं. आज एका माणसाच्या तिकिटात आमचं अख्खं पिट बसलं असतं.

पण चालणंसुद्धा सगळं प्रेक्षकाच्या हातात नसतं बरं का. ‘सोंगाड्या’ १९७१ ला दादरच्या कोहिनूरला लागायचा होता, तिथे हिंदी सिनेमाला जागा द्यायचं चाललं होतं. शिवसेना मधे पडली तेव्हा लागला. लागलाच नसता तर चालला असता कसा, आणि मग आपण इथे काय म्हटलं असतं, पडेल?

मुद्रिका:
पिटवाले काका, मुठीचं वाचून हसू आलं. ‘पडेल’ आणि ‘डब्यात गेला’ यांतही फरक करायला हवा. ‘डब्यात आहे’ म्हणजे तयार होऊन लागलाच नाही, रिळं डब्यात पडून. ‘डब्यात गेला’ म्हणजे लागला आणि आपटला. आता रिळं नाहीत, डबे नाहीत, तरी आमच्या बातम्यांत सिनेमे डब्यात जातातच.

आणि ‘महोत्सव’! ‘रौप्यमहोत्सवी चित्रपट’ म्हणजे २५ आठवडे गर्दी. नुसतं ‘महोत्सवी चित्रपट’ म्हणा, की परदेशात बक्षीस आणि इथे खुर्च्या रिकाम्या असा अर्थ. एक ‘रौप्य’ काढलं की गर्दी पळून जाते.

ऊकारान्त:
छान. असंच एक पाहा.
‘चांगला सिनेमा चालला नाही.’
‘सिनेमा चांगला चालला नाही.’
पहिल्यात चांगला हे सिनेमाचं विशेषण, दुसऱ्यात चालण्याचं. पण मराठीत अशी आकारान्त क्रियाविशेषणंही लिंगवचन सांभाळतात, त्यामुळे रूप तेच. बोलताना जरा इकडेतिकडे झालं की दर्जा आणि धंदा यांची अदलाबदल. मामांच्या ‘चांगला आहे, पिट भरतंय’मध्ये तेच झालंय.

खरा गुन्हेगार म्हणाल तर ‘यशस्वी’. संस्कृतात ‘यशस्’ म्हणजे कीर्ती, नाव होणं. मराठीत यश म्हणजे काम फत्ते होणं. जुन्या जाहिरातींत ‘यशस्वी ३ रा आठवडा’ असं छापत, त्याचा अर्थ एवढाच की अजून उतरवलेला नाही. कीर्ती, कमाई आणि टिकून राहणं या तिन्हींना आपण एकच टोपी घालतो आणि मग वाद घालतो की यशस्वी चित्रपट चांगला असतो का.

दर्दी_गर्दी:
इतका कीस कशाला? लोक मूर्ख नसतात. ‘संत तुकाराम’ १९३६ चा. मुंबईत एका थिएटरात वर्षाहून जास्त चालला आणि १९३७ ला व्हेनिसच्या महोत्सवातही नावाजला. खेड्यातला वारकरी आणि परदेशातला परीक्षक दोघांनी एकच कौल दिला. चांगलं असेल तर चालतंच.

पिटवाला:
‘चालतंच’मधला ‘च’ काढा, मग मान्य. १९७५ साल घ्या. ‘शोले’ १५ ऑगस्टला लागला, सुरुवातीला लोक म्हणाले गेला. नंतर मुंबईच्या मिनर्व्हाला पाच वर्षं. त्याच साली ‘जय संतोषी माँ’ लागला, छोटा सिनेमा, तोही तुफान. लोक चपला बाहेर काढून आत जात, पडद्यावर देवी आली की फुलं आणि नाणी टाकत. आता सांगा, पाच वर्षं चाललेला ‘शोले’ पहिल्या आठवड्यात वाईट होता का? तोच सिनेमा, तीच रिळं. आणि फिल्मफेअर एकच, तेही संकलनाचं, आपल्या एम. एस. शिंद्यांना.

सांगलीची सून:
मला एक बोलायचंय. ‘माहेरची साडी’ १९९१ चा. आमच्याकडे बायका टेम्पो करून गेल्या होत्या. सासूबाई दोनदा गेल्या, दुसऱ्यांदा जाऊबाईंना घेऊन. शिकलेल्या घरांत मात्र त्याची थट्टा. रडका, बटबटीत, आणि हो, गल्लाभरू. मीही तेव्हा कॉलेजात होते, मीही हसले. तो सिनेमा मला आजही बेतलेलाच वाटतो, ते मत बदललेलं नाही. पण सासूबाई घरी कधी रडल्या नाहीत, तिथे अंधारात मोकळ्या रडून आल्या. आल्यावर पाणी प्यायल्या आणि भाकरी थापायला बसल्या. याला काय म्हणाल? कमाई तर म्हणता येत नाही. दर्जा म्हणायला तुमची जीभ रेटत नाही. मग मराठीत यासाठी शब्द कोणता?

आणि गल्लाभरू हा शब्द ज्यांनी वापरला त्यांच्यातलं कुणी त्या टेम्पोत नव्हतं, हेही लिहून ठेवते.

ऊकारान्त:
ताई, ‘लागला’ हा शब्द आहे की. सिनेमा टॉकीजला लागतो तसा माणसालाही लागतो. ‘जिव्हारी लागला’, ‘मनाला लागलं’. आपण तो फक्त पोस्टरपुरता ठेवला.

‘दर्जा’ तसाही मला पुरत नाही. मूळ अर्थ पायरी. दर्जेदार म्हणजे पायरी असलेला, पण कुठली पायरी? रेल्वेत तिसरा दर्जा होता, तोही दर्जाच. मी ‘कसदार’ म्हणतो. कसोटीवर सोन्याचा लागतो तो कस, जमिनीतही असतो तो कस. पाऊस कमी पडला म्हणून काळ्या रानाचा कस जात नाही, पीक मात्र जातं.

बडोदेकर:
पीक म्हणजे पुन्हा धान्य. फिरून गल्ल्यावर आलात!

दर्दी_गर्दी:
बरं, माझा ‘च’ मागे घेतो. पण मग ‘श्वास’चं काय म्हणाल? राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट, ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला मिळालेला. ऑस्करला पाठवायचा तर पैसे नव्हते, लोकांनी वर्गणी काढली. तो चांगला आणि गल्ला मागून भरलेला.

मुद्रिका:
त्याला गल्ला नाही म्हणायचं, वर्गणी म्हणायचं. गल्ला तिकीट देऊन घेतात, वर्गणी पावती देऊन. आमच्या उपसंपादकाला हे सांगितलं असतं तर पान पहाटे सुटलं असतं.

काय छापलं ते सांगते. तीन कॉलमांत शीर्षक बसेना. त्याने ‘गल्लाभरू’ खोडलं, मी परत लावलं. मी ‘चित्रपट’चं ‘सिनेमा’ केलं, तरी दोन अक्षरं बाहेर. शेवटी पानं लावणारा मुलगा, ज्याला या वादात काडीचा रस नव्हता, म्हणाला, ‘बारी काढू का? आपटला म्हटलं की कुठे ते कळतंच ना.’ सकाळी अंकात आलं: ‘गल्लाभरू सिनेमा आपटला’.

पिटवाला:
बारीच काढली होय? मामांना सांगतो.