आठ बाइटांच्या ॲरेत आठ अक्षरी नाव का मावत नाही?

प्रश्न:
माझ्या सी प्रोग्रॅममधील एका स्ट्रक्चरमध्ये (एकत्र ठेवलेल्या माहितीच्या गटात) गावाच्या नावासाठी आठ बाइटांचा कॅरेक्टर ॲरे आहे आणि त्याला लागूनच ग्राहकसंख्येचा चार बाइटांचा इंटिजर आहे. संख्येत ३०० भरून मग स्ट्रकॉपीने (मजकुराची नक्कल करणाऱ्या फंक्शनने) रोमन लिपीतले सात अक्षरी ‘सोलापूर’ ठेवले, तर सारे सुरळीत चालते. आठ अक्षरी ‘कोल्हापूर’ ठेवले की मात्र संख्या २५६ होते. मेमरीतील चुका पकडणारे ॲड्रेस सॅनिटायझर हे साधनही काहीच तक्रार करत नाही. असे का व्हावे?

उत्तर १:
सी भाषेतील स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, कुठे संपते हे तिच्या शेवटचा शून्य बाइटच सांगतो, म्हणून आठ अक्षरांना नऊ बाइट लागतात. स्ट्रकॉपीला ॲरेचा केवळ पत्ता कळतो, जागा किती आहे हे कळत नाही. त्यामुळे तो नववा बाइट शेजारच्या इंटिजरच्या पहिल्या बाइटवर जाऊन बसतो. एक्स८६ प्रोसेसरवर सर्वांत कमी किमतीचा बाइट आधी असतो. ३०० म्हणजे २५६ अधिक ४४. त्यातले ४४ पुसले गेले. संख्या मुळातच २५६ असती तर ही चूक दिसलीही नसती, आणि मला खरी धास्ती अशाच चुकांची वाटते. लिखाण स्ट्रक्चरच्या हद्दीबाहेर न गेल्यामुळे सॅनिटायझर गप्प राहिला.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. आता स्ट्रकॉपीऐवजी, किती बाइट लिहायचे ते सांगता येणाऱ्या स्ट्रएनकॉपीला आठची मर्यादा दिली आहे. संख्या ३०० राहते, पण नाव छापताना त्यापुढे मी कुठेही न लिहिलेला स्वल्पविराम उमटतो.

उत्तर २:
तो स्वल्पविराम म्हणजे वरचेच ४४ आहेत, कारण आस्की या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत स्वल्पविरामाचा क्रमांक ४४ आहे. स्ट्रएनकॉपी आठ बाइट भरले की शून्य बाइट न लावताच थांबते, आणि छपाई करणारे प्रिंटएफ शून्य सापडेपर्यंत थेट इंटिजरमधले बाइट वाचत जाते. कृपया मजकूर ॲरेत लिहिणारे एसएनप्रिंटएफ वापरावे. त्याला ॲरेचा आकार आठ दिला की ते शेवटी शून्य बाइट ठेवतेच, शिवाय पूर्ण मजकुराची लांबी परत करते. ती आठ किंवा अधिक आली, तर नाव छाटले गेले असे समजावे.

उत्तर ३:
पुढे नावे देवनागरीत ठेवणार असाल तर ॲरे आताच मोठा करा. युटीएफ-८ या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्रासुद्धा, तीन बाइट घेते. ‘पुणे’ या शब्दालाच शून्य बाइट धरून १३ बाइट लागतात. शेवटचा शून्य बाइट धरून आठ बाइटांत तो छाटला तर ‘पु’ शाबूत राहतो आणि ‘ण’चा एकच बाइट उरतो, ज्याच्या जागी पडद्यावर बहुधा प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसतो.