पहिल्या कॅरोलिन कीनबाई

नॅन्सी ड्रू या किशोरवयीन मुलगी-गुप्तहेराच्या अमेरिकी पुस्तकांवर लेखिका म्हणून कॅरोलिन कीन हे नाव असतं. 'कॅरोलिन कीन हे नुसतं लेबल, मागे लेखक असा कुणी नव्हताच' असं म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. टोपणनाव स्ट्रेटमेयर सिंडिकेटचं, म्हणजे अशा पुस्तकमालिका लेखकांकडून लिहून घेणाऱ्या कंपनीचं होतं, कथेचा आराखडाही तिथूनच यायचा, हे खरं. पण नॅन्सी ड्रूच्या पहिल्या ३० पुस्तकांपैकी २३ एकट्या मिल्ड्रेड बेन्सन यांनी लिहिली. अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या लहानशा गावची बाई. सुरुवातीला पुस्तकामागे १२५ डॉलर एकरकमी. रॉयल्टी नाही, हक्कही सोडून द्यायचे. नॅन्सीचं ते कुणाला न जुमानणं आराखड्यातून येत नाही, ते बाईंचंच, असं मला ठाम वाटतं.

१९८० साली प्रकाशकांच्या भांडणात त्यांनी न्यूयॉर्कच्या कोर्टात साक्ष दिली, तेव्हा कुठे त्यांचं लेखन उघडपणे त्यांच्या नावावर आलं. म्हणजे पहिल्या पुस्तकानंतर तब्बल ५० वर्षांनी! एरवी टोलेडो शहरातल्या वर्तमानपत्रात त्या स्वतःच्या नावाने लिहीतच होत्या. मे २००२ मध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी, कामावर असतानाच तब्येत बिघडली आणि त्याच दिवशी गेल्या. त्यांचा अंडरवुड टाइपरायटर आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. लेबलांचे टाइपरायटर कुणी असे जपून ठेवत नाही.