कामठीचा तो डावखुरा मिडफिल्डर: आपल्या क्लबने घ्यावा का?

मोतीबाग_८

राजेहो, चार दिवसांपासून सगळे एकच विषय चघळून राहिले, म्हणून इथे नीट मांडतो. कामठीच्या छोट्या फुटबॉल क्लबकडून खेळणारा तो १९ वर्षांचा डावखुरा पोट्टा आपण घ्यायचा का? उंची साधारण १७० सेंमी, जागा ८ नंबरची (मध्यातून पुढे-मागे पळणारा), सेट पीस म्हणजे फ्री किक, कॉर्नर तोच घेतो. आपण ४-४-२ खेळतो, म्हणजे चार बचावाला, चार मध्ये, दोन पुढे. मधल्या दोघांची वयं ३१ आणि ३३. साठाव्या मिनिटानंतर दोघंही पुढे जाऊन परत येत नाहीत, मग आपले स्टॉपर (मधले बचावपटू) थेट लांब बॉल मारतात आणि तो समोरच्याच टीमकडे जातो. हे प्रत्येक मॅचमध्ये दिसतं.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पोट्टा आपल्या खेळात बसतो का? एक ट्रायल घेऊन ठरवता येईल का? आणि या सीझनला लोनवर (तात्पुरता उसना) आणून पुढच्या सीझनला पक्का करता येईल का? कोणाला जे पक्कं माहीत असेल ते लिहा. नुसतं "भारी आहे, घ्या" नको.

कामठीवाला

घ्यावा, आणि त्याचं कारण त्याचा डावा पाय नाही. डाव्या पायाची पोरं कामठीत कमी नाहीत. बॉल येण्याआधी हा काय करतो ते पाहा.

स्टॉपर बॉल घेऊन मान वर करतो तेव्हा हा एकदा उजव्या खांद्यावरून मागे बघतो. पास सुटताना पुन्हा बघतो, या वेळी डावीकडे. त्यामुळे बॉल पोचेपर्यंत मार्कर कुठल्या बाजूने येतोय हे त्याला कळलेलं असतं. अंग अर्धं वळलेलं असतं, आणि बॉल तो जवळच्या पायाने न अडवता लांबच्या पायाने घेतो. म्हणजे ट्रॅप आणि वळण एकाच टचमध्ये होतं. आपले दोघंही पाठ समोरच्या गोलकडे ठेवून बॉल घेतात आणि आलेला बॉल स्टॉपरलाच परत देतात. फरक तिथे आहे.

डिसेंबरमध्ये आपल्याकडची काळी माती वाळून दगड होते, भेगा पडतात. जमिनीवरून दिलेला पास शेवटच्या दोन मीटरमध्ये टप्पा घेऊन गुडघ्यापर्यंत उसळतो. बहुतेक पोरं तो बॉल पायाच्या तळव्याने दाबायला जातात आणि तो निसटतो. हा पाय जमिनीपासून चार बोटं वर धरून घोट्याच्या आतल्या बाजूने बॉल मऊ करतो, पाय थोडा मागे घेत. बॉल पडतो तो पुढच्या पावलाच्या बरोबर समोर. असल्या मैदानावर जो बॉल असा घेतो, त्याला सपाट गवतावर अडचण येणार नाही.

कमजोरीही सांगतो. उजवा पाय फक्त उभं राहायला आहे. समोरच्याने त्याची डावी बाजू बंद केली की तो मागे देतो, दर वेळी. आणि हेडिंगला उडी चुकीच्या वेळी मारतो, त्यामुळे गोलकीकचा दुसरा बॉल त्याच्या भोवती पडला तर तो आपला नसतो.

स्टॉपरभाऊ

कामठीवाला भाऊ, खेळाडूबद्दल तुमचं सगळं मान्य. पण आपल्या आजच्या रचनेत तो बसत नाही, आणि याच चुकीमुळे चांगली पोरं वाया जातात.

पूर्ण मैदान १०५ बाय ६८ मीटरचं. ४-४-२ मध्ये मधली पट्टी दोघांनी सांभाळायची. त्यातला एक ८ नंबरसारखा पुढे गेला की उरलेल्या एकट्याला दोन्ही बाजू झाकाव्या लागतात. समोरची टीम तीन मिडफिल्डर घेऊन उतरली तर एक माणूस कायम मोकळा राहतो. तो वळतो, बचावाच्या मधून पुढे थ्रू पास देतो, आणि आपला स्टॉपर बाहेर निघू की थांबू या विचारात अडकतो. गोल खाल्ल्यावर शिव्या मात्र नव्या पोराला पडतात, की परत आला नाही म्हणून. वास्तविक तो त्याचं कामच करत होता.

त्याला घ्यायचं असेल तर एक फॉरवर्ड कमी करा आणि ४-३-३ खेळा. ३३ वाल्याला ६ नंबरवर दोन स्टॉपरच्या पुढे ठेवा. त्याला पळायचं कमी, उभं राहायचं जास्त, आणि उभं कुठे राहायचं हे त्याला चांगलं कळतं. पोट्टा डावीकडचा ८, ३१ वाला उजवीकडचा. डावा बॅक वर जाईल तेव्हा पोट्ट्याने त्याच्यामागची जागा धरायची, ही एक सूचना पहिल्या दिवसापासून पाठ करून घ्या. डावखुरा असल्यामुळे तिथून त्याला आतला आणि बाहेरचा असे दोन्ही पास दिसतात. उजवीकडे टाकला तर प्रत्येक बॉल आत ओढावा लागेल, जिथे गर्दी आहे.

कोच रचना बदलायला तयार नसतील तर माझं मत नाही असंच राहील. बेंचवर बसवून १९ वर्षांचा मिडफिल्डर तयार होत नाही. एआयएफएफने (भारतीय फुटबॉल महासंघ) इंडियन ॲरोजची टीम चालवली होती ती याचसाठी, की तरुण पोरांना मोठ्या लीगमध्ये मिनिटं मिळावीत. २०१७च्या अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये कोलंबियाविरुद्ध गोल करणारा जीकसन सिंगही मिडफिल्डरच, आणि तोही आधी ॲरोजकडून खेळला, मग इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) आला.

काळीमाती

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: एका ट्रायलमध्ये ठरवू नका. ट्रायलच्या दिवशी प्रत्येक पोरगा ड्रिबल करतो, कारण त्याला दिसायचं असतं. मिडफिल्डरचं काम ड्रिबलमध्ये दिसत नाही.

तीन वेळा बघा. एकदा त्याच्याच क्लबच्या मॅचमध्ये, त्याला न सांगता. एकदा आपल्या पोरांबरोबर ८ विरुद्ध ८, साधारण ६० बाय ४० मीटरमध्ये, १२ मिनिटांचे तीन तुकडे. आणि एकदा आठवड्यातल्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या मॅचला, फक्त ७० मिनिटांनंतर. थकल्यावर सगळ्यात आधी मान वळवणं बंद होतं, पाय नंतर थांबतात.

कागद-पेन घेऊन त्याचे ३० रिसीव्ह (आलेला पास घेणं) मोजा. प्रत्येकाला तीन खुणा करा: बॉल येण्याच्या आधीच्या १० सेकंदांत मागे किती वेळा बघितलं, पुढचा पास कुठे गेला (पुढे, आडवा, मागे), आणि बॉल राहिला की गेला. १० सेकंदांची ही पद्धत नॉर्वेच्या गेयर यॉर्डेट यांच्या अभ्यासातली आहे, मोबाइलवर शूट केलं तर घरी बसून मोजता येते. पहिल्या १५ आणि शेवटच्या १५ रिसीव्हमध्ये बघण्याचा आकडा अर्ध्यावर आला तर तो अजून ९० मिनिटांचा खेळाडू नाही. सुरुवातीला त्याला ६० मिनिटं द्या.

दमासाठी यो-यो इंटरमिटंट रिकव्हरी लेव्हल १ घ्या. २० मीटर जाऊन-येऊन एक फेरी, मध्ये १० सेकंद चालत विश्रांती, बीपला दुसऱ्यांदा चुकला की संपलं. १६०० मीटर म्हणजे ४० फेऱ्या. त्यावरून व्हीओटू मॅक्सचा (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं) अंदाज असा निघतो: अंतर गुणिले ०.००८४, अधिक ३६.४. म्हणजे १६०० मीटरला जवळजवळ ५०. कोन पावलांनी मोजून ठेवू नका, टेप लावा. दोन्हीकडे अर्धा-अर्धा मीटर चुकला तरी ४० फेऱ्यांत सगळा हिशेब बिघडतो. आणि ही टेस्ट ८ विरुद्ध ८च्या दिवशी घेऊ नका, दोन्हीचा निकाल खोटा येईल.

आणखी एक. बॉलची हवा तपासा. नियमात ०.६ ते १.१ ॲटमॉस्फिअर आहे. कडक मातीवर १.१ चा बॉल दिला तर चांगल्या पोराचाही फर्स्ट टच दोन मीटर लांब जातो आणि आपण म्हणतो टच खराब आहे. ०.७ च्या आसपास ठेवा. पावसाळ्यात ट्रायल असेल तर काळी माती स्टडमध्ये (बुटाखालचे खिळे) भरते, मोल्डेड स्टडवाला पोरगा घसरणारच. त्या दिवशीचं वळणं मोजू नका.

धंतोली_फिजिओ

मेडिकल सहीच्या आधी करा. ईसीजी आणि इको करून घ्या, हृदयाचे काही दोष बाहेरून कधीच दिसत नाहीत. गुडघा आणि घोट्याची तपासणी, मांडीच्या आतल्या स्नायूची ताकद दोन्ही बाजूंनी. कायम एकाच पायाने किक मारणाऱ्यांमध्ये जांघेचं दुखणं वारंवार येतं, आणि पोरं ते लपवतात. "सकाळी उठल्यावर खोकताना जांघेत दुखतं का?" असं सरळ विचारा. "काही इंजुरी आहे का?" या प्रश्नाला उत्तर नेहमी नाहीच येतं.

विदर्भात आहोत म्हणून सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी जरूर करा. साधी सोल्युबिलिटी टेस्ट फक्त "आहे" एवढंच सांगते, वाहक आहे की आजार आहे हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्ततपासण्यांवरच कळतं. आणि स्पष्ट लिहिते: वाहक (एएस) निघाला तर त्याला नाकारायचं नाही. वाहक खेळाडू सर्वोच्च पातळीवर खेळतात. फक्त सराव वेगळा आखायचा. सीझनच्या पहिल्या आठवड्यात सलग स्प्रिंट नकोत, दोन स्प्रिंटमध्ये पुरती विश्रांती, पाणी मागेल तेव्हा. धोका ओळखायची खूण लक्षात ठेवा: उन्हातल्या क्रॅम्पमध्ये स्नायू दगडासारखा ताठ होतो आणि पोरगा ओरडतो. सिकलिंगमध्ये (रक्तातल्या तांबड्या पेशी वाकड्या होतात तेव्हा) स्नायू हाताला नेहमीसारखाच लागतो, पण पायातली ताकद जाते आणि पोरगा हळूहळू बसतो. त्याला "ऊठ, आळस करू नको" म्हणणं जिवावर बेतू शकतं. लगेच थांबवा, थंड करा, ऑक्सिजन असेल तर द्या आणि दवाखान्यात न्या. रिपोर्ट त्याचा खासगी आहे, तो खेळाडू, डॉक्टर आणि कोच यांच्यापलीकडे जाऊ देऊ नका.

उन्हाचं सगळ्यांसाठीच: फिफाने कूलिंग ब्रेकसाठी ३२ डिग्री डब्ल्यूबीजीटी धरली आहे, ब्रेक साधारण ३०व्या आणि ७५व्या मिनिटाला. डब्ल्यूबीजीटी म्हणजे मोबाइलवर दिसणारं तापमान नाही, त्यात दमटपणा आणि थेट ऊनही येतं. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये ट्रायल ठेवायची तर सकाळी साडेसहाला ठेवा.

जरीपटका_लेफ्टविंग

वयाचा प्रश्न कोणी काढला नाही म्हणून विचारतो. १९ खरंच १९ आहे का? हाडांची टेस्ट करायची का?

धंतोली_फिजिओ

या वयात उपयोग नाही दादा. मनगटाचा एमआरआय फिफा अंडर-१७ साठी वापरते. १९लाही ती हाडं २२सारखीच जुळलेली असू शकतात, मग फोटो सारखाच येतो. जन्मदाखल्याची नोंद कोणत्या तारखेला झाली ते बघा. जन्माच्या वर्षातलीच नोंद असेल तर भरवसा ठेवता येतो. दहा-बारा वर्षांनी झालेली असेल तर शाळेचा दाखलाही मागा.

एनओसीवाला

तिसरा प्रश्न: लोन होणार नाही. फिफाच्या नियमात लोन फक्त प्रोफेशनलचा होतो. प्रोफेशनल म्हणजे ज्याचा लेखी करार आहे आणि ज्याला खेळण्याच्या खर्चापेक्षा जास्त पैसे मिळतात. हा पोरगा बसभाडं आणि बुटांवर खेळतो, म्हणजे अमॅच्युअर. त्याचं सरळ ट्रान्सफर होईल: जुन्या क्लबची एनओसी (ना हरकत पत्र), मग एआयएफएफच्या सीआरएसवर (खेळाडूंच्या नोंदणीची यंत्रणा) नवी नोंदणी, तीही रजिस्ट्रेशन विंडो उघडी असताना. जिल्हा असोसिएशनकडे लीगची यादी कधी बंद होते ते आधी विचारा, विंडो उघडी असूनही यादी बंद झालेली असू शकते.

एका सीझनमध्ये खेळाडूची नोंदणी जास्तीत जास्त तीन क्लबांकडे होते आणि अधिकृत मॅच तो दोनच क्लबांकडून खेळू शकतो. त्यामुळे आत्तापर्यंत तो कोणाकोणाकडून उतरला हे त्याला नाही, सीआरएसला विचारा. उन्हाळी स्पर्धेत कोणासाठी दोन मॅच खेळला आणि सांगायला विसरला, की नंतर प्रोटेस्ट होतो आणि जिंकलेले गुण जातात.

त्याला प्रोफेशनल करायचं ठरलं तर करार कमीत कमी सीझन संपेपर्यंतचा, जास्तीत जास्त पाच वर्षांचा. "मेडिकल पास झाल्यास करार लागू" असं कलम चालत नाही, म्हणून फिजिओताई सांगतात तसं मेडिकल आधी. आणि एकदा प्रोफेशनल झाला की शेवटच्या मॅचनंतर किमान ३० दिवस त्याला पुन्हा अमॅच्युअर म्हणून नोंदवता येत नाही. सहा महिन्यांत पटलं नाही तर पोरगा मधल्यामध्ये लटकतो. म्हणून माझं मत: पहिला सीझन अमॅच्युअर म्हणूनच आणा, खर्च चोख द्या, आणि कामठीच्या क्लबला किट, बॉल असं काहीतरी लेखी द्या. त्यांनी घडवलेला पोरगा आहे, रिकाम्या हाताने नेऊ नका. पुढच्या वेळी त्यांच्याकडेच जायचं आहे.

मोतीबाग_८

सगळ्यांचे आभार. लोनचा विचार सोडला. स्टॉपरभाऊ, कोच ४-३-३ खेळतील का हा प्रश्न मी मीटिंगमध्ये सगळ्यात आधी मांडतो, पोट्ट्याचं नाव त्यानंतर.

स्टॉपरभाऊ

हो, त्याच क्रमाने मांडा. आणि रविवारी त्याची मॅच आहे, तिथे दोघं तरी जा. एकाने ३० रिसीव्ह मोजायचे, दुसऱ्याने फक्त हे बघायचं की त्यांचा डावा बॅक वर गेला तेव्हा हा कुठे उभा होता.

काळीमाती

मी मोजायला येतो. शूट करायला कोणीतरी गोलच्या मागे उंचावर उभं राहा. साइडलाइनवरून घेतलं तर मान वळलेली दिसत नाही.