निरीक्षक गेले म्हणून श्रीलंका युद्ध जिंकली? एका पोस्टला उत्तर

रानवारा:
कालपासून एक पोस्ट सगळीकडे फिरते आहे: ‘श्रीलंकेने जानेवारी 2008 मध्ये नॉर्वेच्या निरीक्षकांना घालवून दिलं आणि दीड वर्षात युद्ध संपवलं. सार्वभौम देश असाच वागतो.’ खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. राहवेना, म्हणून सविस्तर लिहितो.

ते निरीक्षक कुणी लादले नव्हते. सरकार आणि वेगळ्या तमिळ देशासाठी लढणारे तमिळ वाघ (एलटीटीई) यांच्यातल्या 22 फेब्रुवारी 2002 च्या युद्धबंदी करारावर तेव्हाचे पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे यांची सही आहे. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, डेन्मार्क आणि आइसलँड या पाच देशांची ती माणसं, हातात शस्त्र नाही. जिल्हा समितीत पाच जण बसायचे. दोन सरकारचे, दोन वाघांचे आणि एक निरीक्षक. करारातून बाहेर पडायची वाटही करारातच होती, 14 दिवसांची नोटीस. सरकारने 2 जानेवारीला ती जाहीर केली, 16 तारखेला करार संपला, निरीक्षक निघाले. मग सार्वभौमत्व गेलं होतं कुठे?

त्यानंतर सप्टेंबर 2008 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्यांनाही वन्नीतून, म्हणजे उत्तरेतल्या वाघांच्या ताब्यातल्या भागातून, बाहेर काढलं. तिथल्या किलिनोच्ची शहरातल्या त्यांच्या कार्यालयासमोर तमिळ माणसं जमली, जाऊ नका म्हणून विनवत होती. पुढच्या मे महिन्यात युद्ध संपेपर्यंत वन्नीतल्या मुल्लैतिवूच्या किनाऱ्यावर किती माणसं मेली, याचं उत्तर आज कुणीही छातीठोकपणे देऊ शकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने 2011 मध्ये 40,000 पर्यंतचा आकडा मांडला, कोलंबोने तो फेटाळला. मोजणारा तिथून हलवला की असंच होतं.

माळरान:
अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्या करारात राष्ट्राध्यक्ष चंद्रिका कुमारतुंग यांना विश्वासात घेतलंच नव्हतं. देशाच्या प्रमुखाला बाजूला ठेवून झालेल्या सहीला तुम्ही सार्वभौम इच्छा म्हणता? आणि युद्धबंदीत वाघ काय करत होते? पोरं उचलून भरती. ऑगस्ट 2005 मध्ये परराष्ट्रमंत्री लक्ष्मण कादिरगामर यांना कोलंबोतल्या त्यांच्या राहत्या घरी गोळ्या घातल्या. निरीक्षकांच्या नोंदवहीत बहुतेक उल्लंघनं वाघांचीच आहेत. नोंद केली, पुढे काय? मे 2006 मध्ये 710 सैनिक घेऊन जाणाऱ्या जहाजावर निरीक्षक असतानाही सागरी वाघांनी त्या ताफ्यावर हल्ला चढवला. ज्याला स्वतःचा जीव वाचवता येत नाही, तो युद्धबंदी काय टिकवणार!

रानवारा:
म्हणजे उल्लंघनं वाघांची होती हे तुम्हाला कळलं ते त्यांच्याच नोंदीतून ना? नोंद नसती तर दोन्हीकडून नुसता आरडाओरडा ऐकू आला असता.

पलटणवाला:
नॉर्वे-स्वीडनचं कौतुक पुरे. तिथे खरं रक्त सांडलं ते आपल्या पोरांचं. जुलै 1987 च्या भारत-श्रीलंका करारानंतर आपली शांतिसेना तिकडे गेली, मार्च 1990 ला परतली, अकराशेच्या वर जवान मारले गेले. मेजर रामस्वामी परमेश्वरन, मुंबईत जन्मलेले, 8 महार पलटणीचे. छातीत गोळी लागलेली असताना लढले, परमवीरचक्र मिळालं. आज मुंबईत किती जणांना नाव आठवतं?

माझा थोरला भाऊ शांतिसेनेत, उत्तर श्रीलंकेतल्या जाफन्यात होता. सुटीवर आला तेव्हा गावच्या पारावर एकाने विचारलं, ‘तिकडे कशाला गेला होतात?’ त्याने उत्तर दिलं नाही, चप्पल घालून घरी आला. दिल्लीत 2019 ला युद्धस्मारक झालं तेव्हा कुठे ही नावं एका ठिकाणी कोरलेली पाहायला मिळाली. आधी यावर बोला.

कर्दळ:
दादा, तुमच्या भावाबद्दल आदरच आहे. पण मी मुंबईत एका जाफन्याच्या बाईंच्या शेजारी वाढले. ऑक्टोबर 1987 मध्ये त्यांची बहीण जाफन्याच्या रुग्णालयात कामाला होती. आपले सैनिक आत शिरले, त्यात डॉक्टर, परिचारिका, रुग्ण मारले गेले. सैन्य सांगतं, आतून गोळीबार झाला. त्या बाई म्हणायच्या, बहीण दुसऱ्या दिवशीपर्यंत प्रेतांमध्ये निपचित पडून होती. मी कुणाचं खरं मानू?

पलटणवाला:
घरात बसून जवानांवर आरोप करणं सोपं असतं, ताई. समोर लुंगीतला माणूस, त्याच्या पोत्यात बंदूक. कुठला वाघ आणि कुठला शेतकरी, ते सांगा पाहू. श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांच्या सरकारने तर आपल्यालाच मारायला वाघांना शस्त्रं पुरवली. यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

कर्दळ:
मी कुणावर आरोप केलेला नाही. तिथे त्रयस्थ माणूस नव्हता, एवढंच माझं म्हणणं आहे. भारत करार करणारा, भारतच लढणारा आणि काय झालं ते सांगणाराही भारतच. एखादा निरीक्षक असता तर आतून गोळीबार झाला की नाही ते तेव्हाच लिहिलं गेलं असतं. झाला असेल तर तुमच्या भावाच्या पलटणीवरचा डाग तेव्हाच पुसला गेला असता.

पलटणवाला:
त्याची पलटण तिथे नव्हती. पण निरीक्षक हवा होता, एवढं तुमचं मान्य. भाऊही म्हणायचा, आमची बाजू लिहिणारं कुणी नव्हतं.

माळरान:
झालं, आता शांतिसेनेवरून भावनिक व्हा. मूळ प्रश्न तसाच आहे. उद्या हाच न्याय काश्मीरला लावणार का? संयुक्त राष्ट्रांचे लष्करी निरीक्षक 1949 पासून तिथे आहेत. सिमला करारानंतर त्यांचं काम उरलं नाही ही भारताची भूमिका, आणि 2014 मध्ये त्यांना दिल्लीतला बंगला रिकामा करायला सांगितलं. ते बरोबर की चूक? सरळ उत्तर द्या.

रानवारा:
बरोबर. ते दोन देशांमधल्या रेषेसाठी आलेले निरीक्षक आहेत आणि दोन देशांनीच वाद आपसात सोडवायचं ठरवलं. ज्या देशात स्वतःचेच नागरिक एकमेकांवर बंदुका रोखून आहेत, त्याची तुलना नेपाळशी करा. माओवाद्यांशी शांतता करार झाल्यावर नेपाळनेच संयुक्त राष्ट्रांना बोलावलं. 2007 च्या जानेवारीत मोहीम सुरू झाली. 28 छावण्यांमधल्या 19,602 जणांची लढवय्ये म्हणून पडताळणी झाली. हत्यारं लोखंडी कंटेनरमध्ये, किल्ली माओवाद्यांच्याच कमांडरकडे, निरीक्षकांकडे फक्त भोंगा आणि कॅमेरा. नेपाळी सैन्यानेही तेवढीच शस्त्रं अशीच बंद केली. जानेवारी 2011 ला मोहीम संपली, माणसं घरी गेली. नेपाळचं सार्वभौमत्व कुठे कमी झालं?

माळरान:
नेपाळमध्ये दोघांनाही लढायचं नव्हतं म्हणून जमलं. तेवढं मान्य करतो, त्यापुढे नाही. सीरियाचं काय झालं? 2012 मध्ये 300 निःशस्त्र निरीक्षक मंजूर केले. मे महिन्यात हौला इथे शंभराहून जास्त माणसं मारली गेली, त्यात 49 मुलं. निरीक्षक दुसऱ्या दिवशी जाऊन प्रेतं मोजून आले. जूनमध्ये काम थांबवलं, ऑगस्टमध्ये गाशा गुंडाळला.

कर्दळ:
आणि ती 49 मुलं आज तुम्हाला माहीत आहेत. मुल्लैतिवूचा असा एक आकडा सांगून दाखवा.

रानवारा:
शेवटचं लिहितो. वाघ कशाने हरले? मार्च 2004 मध्ये वाघांचा पूर्वेतला सेनापती करुणा फुटला आणि पूर्वेतली फळीच कोसळली. नौदलाने त्यांची शस्त्रवाहू जहाजं भर समुद्रात बुडवली. पूर्वेतला शेवटचा बालेकिल्ला थोप्पिगला जुलै 2007 मध्ये सैन्याने घेतला, तेव्हा करार कागदावर होता आणि निरीक्षक देशातच होते. त्यांनी सैन्याला एक दिवसही अडवलं नाही. मग त्यांना घालवल्यामुळे विजय मिळाला, हे आलं कुठून?

माळरान:
थोप्पिगलाचं मान्य. पण वन्नीत निरीक्षक राहिले असते तर युरोपने लढाई मध्येच थांबवायला लावली असती, आणि वाघांचा म्होरक्या प्रभाकरन पुन्हा जंगलात निसटला असता. तो पुन्हा निसटू नये म्हणून जे करावं लागलं ते केलं, असंच मी म्हणणार.

कर्दळ:
मग तसंच लिहा ना. किनाऱ्यावर कोंडलेल्या माणसांचा हिशेब कुणी ठेवू नये म्हणून निरीक्षक घालवले, हे तुम्हाला चालतं. त्याला सार्वभौमत्व म्हणू नका.