सोसायटी ग्रुप: ॲलर्जी असलेल्या बाळासाठी तेल कोणतं?

सी ३०४: नमस्कार. बाळ ८ महिन्यांचं आहे. तपासणीत शेंगदाणा आणि तीळ या दोन्हींची ॲलर्जी निघाली आहे. वरच्या खाण्यात रोज थोडं तेल घालायला सांगितलंय. घरात शेंगदाणा तेल आहे, डब्यावर ‘डबल फिल्टर’ लिहिलंय. म्हणजे शुद्धच ना? चालेल?

बी ७०२ (तेल तंत्रज्ञ): ताई, तो डबा बाजूला ठेवा. फिल्टर आणि रिफाइंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. फिल्टर म्हणजे नुसतं गाळलेलं. दोनदा गाळल्यावर चोथा जातो, तेल स्वच्छ दिसतं, पण दाण्यातल्या प्रथिनाचे बारीक अंश त्यात राहतात. ॲलर्जी त्या प्रथिनाचीच असते, तेलातल्या चरबीची नाही.

रिफाइंड तेलात आधी पाण्याने किंवा आम्लाने डिंकासारखे पदार्थ काढतात, मग अल्कलीने मोकळी आम्लं, मग खास मातीतून गाळून रंग. शेवटी निर्वात टाकीत २०० अंश सेल्सिअसच्या वर वाफ सोडून वास काढतात. एवढ्यातून गेल्यावर प्रथिन जवळजवळ उरतच नाही.

सी ३०४: मग शेंगदाण्याचंच, पण रिफाइंड घेतलं तर?

ए २०१ (बालरोगतज्ज्ञ): शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या ६० जणांना दोन्ही प्रकारचं तेल देऊन केलेली चाचणी १९९७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली होती. रिफाइंड तेलावर एकालाही त्रास झाला नाही. कच्च्या तेलावर ६ जणांना झाला.

तरीही बाळासाठी मी ते सुचवणार नाही. डबे सारखे दिसतात आणि घाईत चुकीचा उचलला जातो. शिवाय नियमही सगळीकडे सारखे नाहीत. अमेरिकेत पूर्ण रिफाइंड तेलाला ॲलर्जीच्या सूचनेतून सूट आहे, युरोपात शेंगदाणा तेलाला ती नाही. इतकी दुसरी तेलं असताना एवढी जोखीम कशाला?

तिळाचं तर पूर्ण बंद. ते बरेचदा चवीसाठी वापरतात, त्यामुळे बहुधा कच्चंच विकलं जातं. अगदी अर्धा चमचासुद्धा नको.

ए ५०३: मग घाण्यावर समोर उभं राहून सूर्यफुलाचं काढून आणलं तर? भेसळीचा प्रश्नच नाही.

बी ७०२: काका, भेसळ नसेल, पण त्याच घाण्यात आधी काय काढलं होतं ते महत्त्वाचं. शेंगदाणा किंवा तीळ काढल्यावर पेंड खाचांत अडकून राहते आणि पुढच्या तेलात उतरते. नुसतं पुसून ती निघत नाही. सुरुवातीचं थोडं तेल सोडून दिलं तरी खात्री नाही. इतरांसाठी घाण्याचं तेल उत्तम असेल, या बाळासाठी नको. ‘कोल्ड प्रेस्ड’, ‘व्हर्जिन’, ‘अनरिफाइंड’ लिहिलेल्या बियांच्या तेलांनाही हेच लागू.

सी ३०४: मग आणू कोणतं, तेवढं सांगा.

डी १०५ (आहारतज्ज्ञ): एकाच बियांचं, रिफाइंड, सीलबंद. सूर्यफूल, राइस ब्रान किंवा कनोला यांतलं कोणतंही. सोयाची ॲलर्जी नसेल तर रिफाइंड सोयाबीनसुद्धा. कनोला आणि सोयाबीनमध्ये ओमेगा-३ गटातलं आम्ल बऱ्यापैकी असतं, सूर्यफुलात जवळपास नाही. म्हणून मला कनोला जास्त पटतं.

मिश्र तेल घेऊ नका. आणि डब्याच्या पुढच्या बाजूला बियांचं नाव न देता नुसतं ‘खाद्य वनस्पती तेल’ लिहिलेलं असेल तर तेही नको. स्प्रेच्या बाटलीत सोया लेसिथिन (सोयाबीनपासून काढलेला एक पदार्थ) असू शकतं. सोयाची ॲलर्जी असलेल्या घरांनी ते मागच्या बाजूला वाचावं.

प्रमाण एका जेवणाला अर्धा ते एक छोटा चमचा. चमचा ५ मिलिलिटरचा धरा, एका चमच्यात साधारण ४० कॅलरी. शिजवून उतरवल्यावर वरून घाला, तळू नका. ॲलर्जीच्या भीतीने तेल बंद करणं ही मोठी चूक होईल. आईच्या दुधातली जवळपास निम्मी ऊर्जा चरबीतूनच येते, वाढीला आणि मेंदूला ती लागते. पहिली २ वर्षं चरबी कमी करायची नसते.

बी ६०१: नारळाचं? काजू-बदामाच्या ॲलर्जीत नारळही बंद करतात असं ऐकलंय.

ए २०१: सरसकट नाही. त्या ॲलर्जीचे बहुतेक लोक नारळ खाऊ शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही जानेवारी २०२५ मध्ये काजू-बदाम गटाच्या ॲलर्जीच्या यादीतून नारळ काढला. नारळाचीच ॲलर्जी असेल तर अर्थात बंद. पण नारळ तेलात संपृक्त चरबी जास्त आणि आवश्यक मेदाम्लं फार कमी, त्यामुळे रोजचं एकमेव तेल म्हणून नको.

मोहरीचं बाळाला देऊ नका. बहुधा कच्चंच असतं, मोहरीची ॲलर्जी तीव्र असू शकते आणि त्यातलं एरुसिक आम्लही बाळांना नको असतं.

बी ६०१: आणि तूप? ज्यांना दुधाची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी विचारतेय.

ए २०१: तूप कितीही कढवलं तरी दुधाचं प्रथिन अंशाने राहतं. दुधाच्या ॲलर्जीत तूप आणि लोणी दोन्ही बंद. काही मार्गारिनमध्येही दुधाची पावडर असते. लॅक्टोज न पचणं वेगळं, ती साखरेची अडचण आहे आणि त्यात तूप सहसा चालतं. ही गल्लत करू नका.

डी १०५: सी ३०४, नवं तेल सुरू करताना बाळ बरं असलेला दिवस निवडा आणि सकाळची वेळ. आधी पचलेल्या खाण्यात पाव चमचा घाला. त्या दिवशी दुसरं काहीही नवं नको. ३ दिवस तेच चालू ठेवा, मग प्रमाण वाढवा. पण आधी तुमच्या ॲलर्जीच्या डॉक्टरांना तेलाचं नाव कळवा. पूर्वी तीव्र प्रतिक्रिया आली असेल तर घरी करून बघायचंच नाही.

ए २०१: तीव्र प्रतिक्रिया बहुधा काही मिनिटांत ते २ तासांत दिसते: अंगावर गांधी, ओठ-पापण्या सुजणं, उलटी, खोकला, घरघर, आवाज बसणं, बाळ एकदम सैल पडणं. श्वासाचा त्रास किंवा सैल पडणं दिसलं की लिहून दिलेलं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लगेच द्यायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची. खाजेचं औषध हा त्याला पर्याय नाही. बाळाला उभं धरू नका, आडवं ठेवा. उलटी होत असेल तर कुशीवर.

एक वेगळा प्रकार आहे, त्यात गांधी येत नाहीत. खाल्ल्यावर १ ते ४ तासांनी वारंवार उलट्या होतात, बाळ पांढरं पडतं, मलूल होतं. उशिरा झालं म्हणून जेवणाशी संबंध नाही असं धरू नका.

बी ७०२: स्वयंपाकघराचंही बघा. तळलेलं तेल पुन्हा बाळाच्या खाण्यात अजिबात नको. मासे, अंडं, दाणे, त्यात जे तळलं त्याचं प्रथिन तेलात उतरतं आणि उष्णतेने ही प्रथिनं नाहीशी होत नाहीत. बाळाच्या तेलाला वेगळी बाटली आणि वेगळा चमचा. दुसऱ्या तेलाच्या जुन्या बरणीत ओतू नका, नरसाळंही तेच वापरू नका. भांडी आणि हात साबणाने धुवा. हाताला लावायच्या सॅनिटायझरने शेंगदाण्याचं प्रथिन निघत नाही.

ए ५०३: आणि मालिशला?

ए २०१: शेंगदाणा, तीळ, बदाम आणि मोहरी, चारही तेलं नकोत, विशेषतः त्वचा कोरडी किंवा खरजेची असेल तर. फुटलेल्या त्वचेतून प्रथिन आत गेलं की शरीर त्याला शत्रू ठरवू शकतं. २००३ च्या एका अभ्यासात, सुजलेल्या त्वचेवर शेंगदाणा तेलाची मलमं लावण्याचा शेंगदाण्याच्या ॲलर्जीशी संबंध दिसला. ऑलिव्हचं तेल त्वचेचं संरक्षक आवरण कमकुवत करतं. मालिशलाही रिफाइंड सूर्यफूल बरं.

आणि एक राहिलं. काही औषधांचे थेंबही तेलात विरघळवलेले असतात. ‘आराकिस ऑइल’ म्हणजे शेंगदाणा तेल, ‘सिसेम’ म्हणजे तीळ. व्हिटॅमिन डीची बाटली बघा.

सी ३०४: आत्ता बघितली डॉक्टर. आराकिस ऑइल लिहिलंय. रोज देतेय.

ए २०१: घाबरू नका, औषधातलं तेल बहुधा रिफाइंड असतं. पण आजपासून बंद ठेवा. डीचे थेंब २-३ दिवस चुकले तर काही बिघडत नाही. बाटलीचा फोटो तुमच्या ॲलर्जीच्या डॉक्टरांना पाठवा आणि दुसऱ्या तेलातले थेंब लिहून घ्या. त्या बाटलीवरही तेलाचं नाव वाचूनच घ्या.