फाशी कायम झाल्यावर शिक्षेची वैधता पुन्हा तपासावी का?

काळाकोट
नागपूरच्या वसंता दुपारे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २५ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या निकालावर इथे धागा कसा नाही? चार वर्षांच्या मुलीवर बलात्कार आणि तिचा खून, घटना २००८ची. याच न्यायालयाने २०१४ मध्ये फाशी कायम केली, २०१७ मध्ये पुनर्विलोकन अर्ज (त्याच कोर्टाने आपलाच निकाल पुन्हा तपासावा असा अर्ज) फेटाळला. पुढे राज्यपाल आणि राष्ट्रपती दोघांनीही दयेचा अर्ज नाकारला. तरीही घटनेच्या अनुच्छेद ३२ खाली रिट (मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात केलेली याचिका) झाली आणि कोर्टाने फाशी बाजूला ठेवून शिक्षेच्या मुद्द्यावर नव्याने सुनावणी घ्यायचं ठरवलं. दोषसिद्धी आहे तशीच आहे. 'सोडून दिला' असा अर्थ कृपया कोणी काढू नये.

आधार होता सर्वोच्च न्यायालयाचाच २०२२चा मनोज निकाल. फाशी देण्याआधी आरोपीची मानसिक स्थिती, तुरुंगातली वर्तणूक, घरची पार्श्वभूमी, प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल हे सगळं कोर्टासमोर आलंच पाहिजे, असं त्यात म्हटलंय.

मला निकाल पटला. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५(२) नुसार (जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिथे कलम २५८(२)) दोषी ठरवल्यावर शिक्षेबद्दल वेगळं ऐकून घ्यायचं असतं. आता सेशन्स कोर्टात हे कसं उरकतं ते सांगतो. "काही सांगायचंय का?" "घरी म्हातारी आई आहे, साहेब." झालं ऐकून! वकील दोन ओळी बोलतो, दुपारनंतर ऑर्डर. एवढ्यावर माणसाला फासावर द्यायचं, आणि नंतर कोणी प्रक्रिया विचारली की 'आता उशीर झाला' म्हणायचं?

स्पष्टवक्ती
पूर्ण असहमत. मनोज निकाल २०२२चा, फाशी कायम झाली २०१४ मध्ये. तेव्हाच्या नियमांनी शिक्षा झाली ना? पुढे आणखी नवे नियम आले की आजचे निकालही उघडायचे का?

आधी अपील, मग पुनर्विलोकन, मग २००२च्या रूपा हुर्रा निकालातून आलेली क्युरेटिव्ह याचिका (पुनर्विलोकनही फेटाळल्यावरची कोर्टातली शेवटची संधी), मग दया, दया नाकारली की तिच्यावर रिट. कोल्हापूरच्या गावित बहिणींची फाशी २००६ मध्ये कायम झाली. दयेच्या अर्जाची फाइल सरकार दरबारी कुजली आणि २०२२ मध्ये हायकोर्टाने जन्मठेप दिली. पुण्याजवळच्या गहुंज्याच्या बीपीओ प्रकरणातही (कर्मचारी तरुणीवर बलात्कार आणि तिचा खून) विलंबावरच बोट ठेवून २०१९ मध्ये फाशीऐवजी ३५ वर्षांची कैद. ढिलाई सरकारी बाबूंची, लाभ गुन्हेगाराला. ज्यांची मुलगी गेली त्यांच्यासाठी खटला संपतो तरी कधी?

काळाकोट
गावित आणि गहुंजे इथे आणू नका. तिथे शिक्षा वैध होती, अंमलबजावणी रखडली म्हणून ती बदलली. दुपारेमध्ये आक्षेप शिक्षा ज्या पद्धतीने ठरवली त्या पद्धतीवरच आहे. आणि मनोजने नवा नियम आणलेला नाही. गुन्ह्याइतकंच गुन्हेगाराकडेही बघा, तो सुधारूच शकत नाही हे सरकारने दाखवावं, असं बच्चनसिंग निकालात १९८० मध्येच सांगितलंय. मनोजने ते कसं करायचं एवढं लिहून दिलं.

पुण्यात १९९४ मध्ये एका घरात सात खून झाले होते, आठवतं? त्यातल्या एका आरोपीची फाशी २००० मध्ये कायम झाली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की घटनेच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. त्या वयाला कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षं. तो २८ वर्षांहून जास्त आत होता. बाल न्याय कायद्यात, अंतिम निकालानंतरही वयाचा मुद्दा काढता येतो, म्हणून वाचला. २००० मध्ये फाइल कायमची बंद केली असती तर?

स्पष्टवक्ती
वयाचं उदाहरण इथे लागूच होत नाही. शाळेचा दाखला खरा किंवा खोटा, विषय संपला. मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल म्हणजे मत. आज एक म्हणेल सुधारतोय, उद्या दुसरा म्हणेल नाही. अशा मतावर तीनदा शिक्कामोर्तब झालेली शिक्षा हलवायची?

नाशिककर
दोघांचंही एक गृहीतक चुकतंय, की गुन्हा तरी पक्का आहे. अंकुश शिंदे खटला वाचा. महाराष्ट्रातले सहा जण, भटक्या जमातीतले. हायकोर्टाने त्यातल्या तिघांना जन्मठेप दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती वाढवून सहाही जणांना फाशी दिली. पुनर्विलोकन आधी फेटाळलं, नंतर पुन्हा उघडलं, आणि २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्येकी पाच लाख भरपाई. स्पष्टवक्तीताई, तिथेही शिक्कामोर्तब झालेलंच होतं.

बिनपगारी
फाशीवाल्यांसाठी निदान खुल्या कोर्टात पुनर्विलोकन आहे, २०१४च्या आरिफ निकालापासून. जन्मठेपवाल्यांचं काय? खुनाच्या खटल्यात 'मरेपर्यंत कैद, मुदतीआधी सुटकेची सूट नाही' अशी शिक्षा फक्त हायकोर्ट आणि सर्वोच्च न्यायालय देऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०१५च्या श्रीहरन निकालात सांगितलंय. सेशन्स जजने तसं लिहिलं तर ती शिक्षा कायद्याबाहेरची. पण अपील न करता आत बसलेल्या कैद्याला हे सांगणार कोण?

स्पष्टवक्ती
@बिनपगारी, हे मान्य. तिथे कायद्यात अधिकारच नाही, मतामतांचा प्रश्न नाही. अशी शिक्षा कधीही दुरुस्त करा, माझी हरकत नाही. @नाशिककर, तिथे पुरावाच कोसळला होता. दुपारेमध्ये पुरावा शाबूत आहे, म्हणून माझं मत तेच.

काळाकोट
पुरावा शाबूत आहे म्हणूनच तर कोर्टाने दोषसिद्धीला हात लावला नाही. आणि ही वाट सरसकट सगळ्यांसाठी नाही, अपवादात्मक प्रकरणांसाठीच आहे, हेही त्याच निकालात आहे. मूळ निकालपत्र वाचून या, पुढे बोलू.